आधी डाग, मग रंग

पवनीत तहसीलीच्या रस्त्यावर आमचं फोटोचं दुकान आहे. पाटीवर ‘स्टुडिओ’ लिहिलंय ते सासऱ्यांच्या मानासाठी. प्रत्यक्षात मागे निळा पडदा, पुढे झेरॉक्सचं मशीन आणि मधल्या चिंचोळ्या जागेत कॉम्प्युटरसमोर मी. नवरा लग्नांचं शूटिंग करतो, म्हणजे हंगामात तो घरात पाहुणाच. दुकान माझ्या अंगावर. जातीचा दाखला, रेशन कार्ड, प्रकल्पग्रस्ताचं प्रमाणपत्र, सरकारदरबारी कशासाठीही जायचं असेल तर आधी आमच्या निळ्या पडद्यासमोर बसावं लागतं. ‘हसू नका’ असं मी दिवसातून वीसदा म्हणते. तहसीलीत निघालेला माणूस तसाही हसत नाही, पण सवय.

मी बी.एस्सी. करून या घरात आले. पदार्थविज्ञान शिकलेली मुलगी पासपोर्ट फोटो कापत बसली म्हणून माहेरी हळहळ झाली. मला तितकं वाईट वाटलं नाही, कारण आल्याआल्याच मी मामाजींचा हात पाहिला होता. मामाजी म्हणजे माझे सासरे. तरुणपणी ते फोटो काढण्यापेक्षा फोटो सुधारण्यासाठी प्रसिद्ध होते. शिसपेन्सिलीला सुईसारखं टोक काढून निगेटिव्हवर काम करायचे, छापलेल्या फोटोवरचा काळा ठिपका ब्लेडच्या कोपऱ्यानं असा अलगद खरवडायचे की कागदाला कळू नये. मग काडीला कापूस गुंडाळून गालावर गुलाबी, लुगड्यावर हिरवा रंग चढवायचे. लांबलांबच्या गावांहून लोक फोटो रंगवून घ्यायला यायचे. त्यांनी मलाही हे सगळं शिकवलं, कॉम्प्युटरवर कधी लागणार नाही हे माहीत असताना. त्यांचा एक नियम होता, तो ते देवाच्या आरतीसारखा म्हणायचे: “आधी डाग, मंग रंग. डागावर रंग चढला का थो आत जाऊन बसते. मंग बापालेही निंघत नाही.”

मग डिजिटल आलं आणि एका वर्षात त्यांचं टेबल रिकामं झालं. मला माऊसनं दोन मिनिटांत सुरकुत्या घालवताना त्यांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशीपासून दुकानात यायचे थांबले. घरी दाराशी खाट टाकली आणि रेडिओ लावला. कोणी विचारलं तर म्हणायचे, “आता सून पाहते. मशीनचं काम. तिथं माहा हात कायले पाहिजे?” एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं टाळत राहिले. “एक पुरते. पाह्याले उरलं काय?” हे त्यांनी अगदी सहज म्हटलं होतं, चहा पिता पिता. मला ते फार लागलं. त्यांचं काम माझ्या हातानं गेलं होतं, यंत्राच्या नव्हे.

ग्रहांच्या चित्रांचं वेड मला टाळेबंदीत लागलं. लग्नं बंद, तहसील बंद, माणसांच्या तोंडाला मास्क. फोटो काढायचा कोणाचा? त्या दिवसांत मोबाइल चाळताना कळलं की गुरू ग्रहाभोवती एक यान फिरतंय आणि त्याच्या कॅमेऱ्यातली कच्ची चित्रं कोणालाही मिळतात. घ्या, जोडा, रंगवा, आम्हाला दाखवा, असं खुलं आमंत्रण. मला आधी वाटलं, फसवणूक आहे. पवनीच्या बाईला गुरूचे फोटो फुकटात कोण कशाला देईल? पण ते खरं होतं.

थोडं कामाचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. ते यान फिरत फिरत जातं. त्यामुळे कॅमेरा सबंध फोटो काढत नाही, अरुंद पट्ट्या काढतो. एक पट्टी लाल काचेतून, एक हिरव्या, एक निळ्या. सगळ्या पट्ट्या काळ्यापांढऱ्याच येतात. त्या गणित करून जोडायच्या, तिन्ही रंगांच्या एकावर एक नेमक्या बसवायच्या, तेव्हा खरा रंगीत फोटो तयार होतो. त्यात गुरूजवळ किरणोत्साराचा मारा भयंकर. त्याचे कण कॅमेऱ्यावर आदळतात आणि पट्टीवर जागोजागी पांढरे ठिपके पडतात. ते खरे नसतात, ती नुसती खराबी. यानवाल्या शास्त्रज्ञांची स्वतःची चित्रंही असतात, पण ती पाहून मी नाक मुरडायचे. खरखरीत, करडी, कडेला आकडे आणि मोजपट्ट्या. एवढे शिकलेले लोक आणि साधे डाग काढता येत नाहीत!

टाळेबंदीनंतर दोन वर्षांनी नवरात्राच्या दिवसांत ते यान गुरूच्या एका बर्फाळ चंद्राच्या अगदी जवळून गेलं. वरून सगळा बर्फ, त्यावर तांबूस भेगांचं जाळं, आणि बर्फाखाली पाणी आहे असं म्हणतात. इतक्या जवळून त्याची छायाचित्रं कित्येक वर्षांत कोणी घेतली नव्हती. मोजकीच चित्रं आली. मी सकाळीच ती उतरवून घेतली आणि तहसीलीची जेवणाची सुट्टी झाल्यावर कामाला बसले. तेवढ्यात मामाजी दुकानाची दुसरी किल्ली द्यायला आले आणि माझ्या खांद्यामागे थबकले.

“हे कोनाचं निगेटिव्ह हाये? किती खराब केलं!”

मी सांगितलं, गुरूच्या चंद्राचं. त्यांनी ते ऐकल्यासारखं केलं आणि सोडून दिलं. त्यांचं लक्ष ठिपक्यांवर होतं. “असं नाही करत,” म्हणाले, “तू मोठा ब्रश घेतला. चेहरा सपाट होऊन राहिला. लहान घे.” खुर्ची ओढली, खिशातून भिंग काढलं आणि एका डोळ्यानं पडद्याला नाक लावून बसले. कितीतरी वर्षांनी ते त्या दुकानात बसले होते. मी मुकाट्यानं ब्रश लहान केला. बोलले असते तर ते उठून गेले असते.

मग चार दिवस आम्ही दोघांनी मिळून काम केलं. ते ठिपका दाखवायचे, मी काढायची. बाकीचे हौशी लोक हे काम प्रोग्रॅमवर सोपवतात, आम्ही हातानं केलं. आणि नियमाप्रमाणे केलं: आधी डाग, मग रंग. काळ्यापांढऱ्या पट्ट्या एकेक करून स्वच्छ करायच्या आणि मगच रंग एकत्र करायचे. तिसऱ्या दिवशी लाल पट्टीत, जिथे त्या चंद्राचा उजेड संपून अंधार सुरू होतो त्याच्या जरा अलीकडे, मामाजींना एक काळसर डाग दिसला. मला दिसलाच नव्हता. “हा पाह्य. हा पांढरा नाही, कारा हाये. काढ.” मी काढला. हिरव्या पट्टीत तो पुन्हा तिथेच. निळ्यातही तिथेच.

“जिद्दी हाये बाप्पा,” मामाजी म्हणाले आणि आम्ही दोघंही हसलो. मग त्यांनी निदान सांगितलं. “तीनदा एकाच जागी म्हंजे काचेवरचा कचरा होय. दुसरं काही नाही.” मलाही पटलं. आमच्या धंद्यात हे रोजचं आहे. चार गिऱ्हाइकांच्या गालावर एकाच जागी तीळ आला तर तो गिऱ्हाइकाचा नसतो, लेन्सवरच्या धुळीचा असतो. मी तिसऱ्यांदाही तो पुसला.

चित्र असं उतरलं की काय सांगू. दुधावरच्या सायीसारखा बर्फ आणि त्यावर भेगांची नक्षी. एक ठिपका शोधून सापडायचा नाही. मी ते इंटरनेटवर आमच्या हौशी मंडळींच्या जागेवर टाकलं आणि आठवडाभर जगभरातून कौतुक येत राहिलं. याहून स्वच्छ चित्र पाहिलं नाही, कोणता प्रोग्रॅम वापरला, असं विचारायचे. मी लिहायची, ‘हात.’ मामाजींनी त्याचा मोठा प्रिंट काढायला लावला, लॅमिनेशन करून तो दर्शनी भागात टांगला, एक नवरा-नवरी आणि एक गुटगुटीत बाळ यांच्या मधोमध. आणि रोज पांढरा शर्ट घालून दुकानात येऊ लागले. दाखल्यासाठी आलेला माणूस विचारायचा, “हा कायचा फोटू?” मामाजी उठून त्याला जवळ न्यायचे. त्या चंद्राचं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. ‘बर्फाचा गोटा’ म्हणायचे. “हा बर्फाचा गोटा हाये, गुरूच्या अंगचा. लई खराब आला होता. आमच्या सुनेनं अन् म्या साफ केला.” दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी भंडाऱ्याला कधी जायचं, हेही त्यांनी एक दिवस स्वतःहून विचारलं. मला वाटलं, फेडलं मी काहीतरी.

आणि मग ते पत्र आलं. यानाच्या चमूतल्या एका शास्त्रज्ञ बाईंची ईमेल, इंग्रजीत, फार सभ्य. त्यांच्या चित्रात त्या बर्फावर अमुक ठिकाणी एक काळसर डाग दिसतो. बर्फ फुटून खालून काही वर आलं असेल, किंवा नुसती सावली असेल, किंवा त्यांच्याच गणितातली काही चूक असेल. ती चूक असावी असं काही जण म्हणू लागलेत आणि पुरावा म्हणून माझं चित्र दाखवतायत. त्याच पट्ट्या, त्याच क्षणीच्या, आणि या चित्रात तो डाग नाही. बाईंनी लिहिलं होतं, आम्ही दोन आठवडे आमच्या गणितात चूक शोधतोय. तुम्ही हे नेमकं कसं केलंत ते सांगाल का?

पत्र दोनदा वाचलं. दुकानात तेव्हा एक म्हातारबा दाढी करून फोटोला आले होते. त्यांना ‘हसू नका’ म्हणताना माझाच आवाज मला ओळखू येईना.

ते गेल्यावर मी मूळ पट्ट्या पुन्हा उघडल्या आणि या खेपेला उलटं केलं. डागांना हात न लावता आधी रंग एकत्र केले. पाच मिनिटांत सगळं उघडं पडलं. किरणांचा कण एका क्षणी एकाच पट्टीवर आदळतो, म्हणून रंग एकत्र केल्यावर तो ठिपका लाल, हिरवा नाहीतर निळा दिसतो. सगळ्या चित्रावर असे रंगीबेरंगी कण उधळलेले होते, आपण खोटे आहोत असं स्वतःच सांगणारे. त्यांच्यात तो एक डाग काळाच राहिला, कारण तो तिन्ही पट्ट्यांत होता. आणि काचेवरचा कचरा? तो असता तर त्या रेषेत वरच्या-खालच्या प्रत्येक पट्टीत दिसायला हवा होता. नव्हता. मी पदार्थविज्ञान शिकलेली. एवढं बघायला मला अर्धं मिनिटही लागलं नसतं. मी बघितलंच नाही, कारण चेहरा गोरा करायची इतक्या वर्षांची सवय. तिकडे ते लोक आपल्या खऱ्या चित्रात चूक शोधत बसले होते, माझ्या खोट्या चित्रामुळे. मला स्वतःची लाज वाटली.

बाईंना उत्तर लिहिणं कठीण नव्हतं. ‘डाग मूळ पट्ट्यांत आहे. मी तो तीन वेळा हातानं पुसला. काचेवरची धूळ समजले. चूक माझी.’ हेच हौशी मंडळींच्या जागेवरही लिहिलं आणि जुनं चित्र काढून टाकलं, म्हणजे जिथून काढता आलं तिथून. लोकांनी उतरवून घेतलेल्या प्रती अजून फिरतायत, त्यांचं मी काय करू? कठीण होतं ते निराळंच. पाच हातांवर मामाजी त्या प्रिंटखाली उभे राहून कोणालातरी सांगत होते, “एकही डाग सोडला नाही.” त्यांना खरं सांगितलं तर ते पुन्हा खाटेवर जातील, आणि या खेपेला कायमचे. हात गेला होता तेव्हा नजर तरी उरली होती. आता मी सांगणार की नजरही चुकली. मी ठरवलं, सांगायचंच नाही. इंग्रजी त्यांना येत नाही, जग लांब आहे, कोण सांगायला येतंय.

पण तो प्रिंट मला रोज बघवेना. दोन दिवसांनी मी तो उतरवून पडद्यामागे ठेवला. मामाजी आले, भिंतीवरची रिकामी जागा पाहिली.

“काहून काढला?”

“भिंतीले ओल आली, मामाजी.”

“ओल? या उनात?” ते खुर्चीवर बसले. “माह्याशी खोटं बोलून राहिली तू. मले एका डोळ्यानं दिसते, पन दिसते.”

मग मी सगळं दाखवलं. आधी कच्चं चित्र, मग रंग चढवलेलं. लाल-हिरवे कण, आणि त्यांच्यात तो काळा डाग. मामाजी भिंग काढून पडद्याशी वाकले. मी आपली बोलत सुटले, की चूक माझी आहे, शिकलेली मी आहे, गणित मला येतं. त्यांनी हात वर करून मला गप्प केलं.

“तू त्या लोकायले काय लिवलं? वाचून दाखव.”

मी मराठी करून वाचलं. शेवटचं वाक्य ‘चूक माझी.’

“यात मी कुठी आहो?”

“तुम्हाले कायले मध्ये आणू, मामाजी?”

“डाग कोनं दाखवला?” त्यांचा आवाज चढला. बाहेर झेरॉक्सला आलेल्या दोघी वळून बघू लागल्या. “काचेवरचा कचरा कोन म्हनलं? तू लिवलं थे अर्धं हाये. अन् अर्धं म्हंजे खोटं. माहं नाव राखून राहिली? मले दया नोको दाखवू.”

मला रडू आलं आणि रागही आला. मी म्हटलं, तुम्ही पुन्हा खाटेवर जाल म्हणून नाही लिहिलं. असं तोंडावर बोलायची आमच्याकडे रीत नाही. सून सासऱ्यांना असं म्हणत नाही. पण निघून गेलं. त्यावर त्यांनी जे विचारलं त्याची मला अपेक्षा नव्हती.

“याचं मूळ शाबूत हाये का?”

“हो. त्या पट्ट्या तशाच आहेत. कोणीही, कधीही पुन्हा काढू शकते.”

त्यांनी डोळे मिटले, आणि इतका लांब श्वास सोडला की मी घाबरले. “मंग बरं हाये,” म्हणाले. आणि मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी त्यांनी माझ्या सासूबाईंनाही कधी सांगितली नव्हती.

पुष्कळ वर्षांपूर्वी नदीकाठच्या एका गावातून एक तरुण माणूस आला होता. गोसीखुर्दचं धरण तेव्हा व्हायचं होतं. त्याची आई वारली होती आणि तिचा एकच फोटो होता, तळहाताएवढा, कोणत्यातरी जत्रेत काढलेला. ओलीनं त्यावर बुरशीचे काळे ठिपके पडले होते. तो मोठा करून हवा होता. मामाजींनी नियमाप्रमाणे आधी डाग काढले. ब्लेडनं, थेट त्या फोटोवरच, मग त्याची कॉपी केली आणि रंगवली. फोटो न्यायला आलेला मुलगा तो हातात धरून म्हणाला, “हे माही माय नाही वाटत.” बाईच्या कपाळावर गोंदण होतं. तीन ठिपके. बुरशीच्या ठिपक्यांत तेही खरवडले गेले होते.

“त्याले म्या काय सांगतलं, माहीत हाये?” मामाजी म्हणाले. “म्हनलं, फोटूच तसा होता, बुरशीनं खाल्ला. तो गरीब मानूस, मान हालवली अन् गेला. मूळ एकच होतं, अन् थे म्या खरवडलं. इथं तरी मूळ शाबूत हाये. लिव तिले. माहं लिव.”

मी लिहिलं. डाग पहिल्यांदा, कामाच्या तिसऱ्या दिवशी, माझ्या सासऱ्यांना दिसला, त्यांनी आयुष्यभर फोटो सुधारण्याचं काम केलं, धूळ आहे हे त्यांचं मत होतं आणि ते आम्हा दोघांना पटलं. ते वाचून दाखवल्यावरच त्यांनी पाठवू दिलं. दोन दिवसांनी बाईंचं उत्तर आलं. आभार होते. मग लिहिलं होतं की आमच्यापैकी कोणाचंही त्या जागेकडे पहिला आठवडाभर लक्ष गेलं नव्हतं, गणितानं दाखवल्यावर गेलं. तुमच्या सासऱ्यांनी तो तिसऱ्या दिवशी नुसत्या डोळ्यानं पाहिला. कदाचित तो डाग पाहणारे ते पहिलेच. त्यांना तो पट्टीत कसा दिसला, गोल की लांबट, कडा कशा होत्या, हे विचारून कळवाल का?

मी ते मराठी करून वाचून दाखवलं. मामाजी म्हणाले, “लांबट. भाताच्या दान्यासारका, एका अंगाला टोकदार.” आणि पुढे, “अन् सांग तिले, दिसला होता. पन म्या ओळखला नाही.”

तो डाग काय आहे ते अजून नक्की ठरलेलं नाही. खरखरीत, करड्या चित्रांना मात्र मी आता नाक मुरडत नाही.

दुसऱ्या दिवशी मामाजी पांढरा शर्ट घालून अंगणात उभे. मला वाटलं दुकानात निघाले. “गाडी काढ,” म्हणाले, “पुनर्वसनात जाऊ.” नदीकाठचं ते गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं आणि लोकांना वर नवीन वस्तीत प्लॉट मिळाले. तो माणूस तिथे राहतो हे मामाजींना माहीत होतं. प्रकल्पग्रस्ताच्या फोटोला तो आमच्याच दुकानात आला होता म्हणे, आणि मामाजी त्याला पाहून पडद्यामागे गेले होते. मी स्कूटर काढली. दोन्ही बाजूंना धान कापणीला आलेलं. सगळ्या रस्त्यात माझ्या खांद्यावरचा त्यांचा हात घट्ट होता.

सरळ आखलेल्या गल्ल्या, एकसारखी घरं. तिसऱ्या गल्लीत तो माणूस दारातच बसला होता. आता तोही म्हातारा, खांद्यावर दुपट्टा. मामाजींना त्यानं लगेच ओळखलं. “या भाऊ, फोटूवाले भाऊ,” म्हणत खुर्च्या मांडल्या, बायकोला पाणी आणायला सांगितलं. पुढच्या खोलीच्या भिंतीवर तो रंगवलेला फोटो होता, प्लॅस्टिकचा हार घातलेला. हिरवं लुगडं, गुलाबी गाल. आणि कपाळावर, काचेच्या वरून, निळ्या स्केचपेनानं काढलेले तीन ठिपके.

मामाजींनी ते पाहिले आणि पाण्याचा पेला तसाच हातात धरून राहिले.

“माह्या बायकोचं काम होय थे,” तो माणूस म्हणाला. “मायच्या कपारावर गोंदन होतं नं. फोटूत आलं नाही. आमी समजलो, गोंदन फोटूत येत नसंल. दिवारीच्या सनाले काच पुसली का निंघून जाते, मंग हे पुन्हा लावते. हे लगन होऊन आली तवा माय नव्हती. म्या सांगतलं तसं लावते.”

“फोटूत आलं होतं,” मामाजी म्हणाले. “म्याच खरवडलं. मले बुरशी वाटली. अन् तुले खोटं सांगतलं.”

त्या माणसानं फोटोकडे पाहिलं, मग मामाजींकडे. “मंग तवाच काहून नाही सांगतलं, भाऊ?”

“लाज वाटली.”

त्या माणसाच्या चेहऱ्यावर राग आला, मला स्पष्ट दिसला, आणि तो येणं बरोबरच होतं. मामाजींनी मान खाली घातली नाही. उठले, फोटोजवळ गेले, भिंग काढलं.

“मधला बरोबर नाही,” ते म्हणाले. “थो जरासा डाव्या अंगाले होता. अन् बाकीच्या दोघायपरीस लहान. वरचा थोडा फिकट.”

“तुमाले कसं आठवते?” तो माणूस उठून उभा राहिला. “मले नाही आठवत.”

“माह्याच हातानं काढले नं.”

त्यानं भिंतीवरून फोटो उतरवला, मांडीवर घेतला आणि दुपट्ट्याच्या टोकानं काच पुसली. तिन्ही ठिपके गेले. मग त्यानं फोटो मामाजींपुढे धरला. माझ्या पर्समध्ये सीडीवर नावं लिहायचा बारीक मार्कर होता, न पुसणारा. तो मी दिला. मामाजींनी भिंग एका डोळ्याला लावलं, दुसरा मिटला आणि एकेक करून तीन ठिपके ठेवले. वरचा टेकवल्या-न टेकवल्यासारखा, मधला डाव्या अंगाला.

तो माणूस फोटो उजेडात धरून बघत राहिला. मग आत वळून त्यानं बायकोला हाक मारली.

“इकडं ये व. तुही सासू पाह्य.”